धाकटे मास्तर

एकोणीसशे शहात्तर साल. त्या वर्षी ऊन लवकर तापायला लागलं, रस्त्याचं डांबर चपलांना चिकटू लागलं, आणि एका सकाळी मास्तर पलंगावरून खाली पडले. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. त्यांची बायको स्वयंपाकघरात दुधावर लक्ष ठेवून उभी होती, आणि आतल्या खोलीत कुणी ओली चादर जमिनीवर टाकावी तसा आवाज आला. जाऊन बघते तर मास्तर पलंग आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका कुशीवर पडलेले, डोळे टक्क उघडे. "दूध," ते म्हणाले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं, उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण हा शब्द मात्र स्वच्छ आला. दूध उतू गेल्याचा वास तिलाही आला. तिने त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ते वीतभर हलले आणि पुन्हा जिथल्या तिथे गेले. मग तिने पायाकडून बघितलं, मग चादर खाली सरकवून बघितली, मग गुडघे टेकून खांदा लावला. तिच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि तिलाच लाज वाटली. ज्या माणसाशेजारी आपण तीस वर्षं झोपलो तो आपल्याच्याने हलत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळलं ते डोक्याला नाही, कमरेला. शेवटी तिने खिडकीतून खालच्या शिंप्याला हाक मारली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट वर आला, बरोबर त्याचा इस्त्रीवाला. "तू डोक्याकडून धर," "अरे चौकट बघ, चौकट," असं करत दोघांनी मास्तरांना कपाट सरकवतात तसं उचलून पलंगावर ठेवलं. शिंपी मनाने फार चांगला. जाताना तो म्हणाला, "मास्तर, अजून भरीव आहात हो! आमचा घाम काढलात." मास्तर छताकडे बघत राहिले.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते कारखान्यात टर्नर होते, लेथवर काम करायचे, आणि संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना वजनं उचलायला शिकवायचे. शेडमधली निम्मी वजनं त्यांनीच भंगारातून कातून काढलेली होती. तारुण्यात त्यांनी स्वतः स्पर्धा गाजवल्या होत्या. त्यांच्यामुळे बिल्डिंगीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, जन्मात तिने कुणाला काही शिकवलं नव्हतं तरी. लग्न झालं तेव्हा ती एकदा डबा घेऊन त्या शेडमध्ये गेली होती. आत लोखंडाचा आणि घामाचा वास, खडूच्या पांढऱ्या धुळीत उन्हाचे पट्टे, आणि मधोमध एक पोरगा वजनासमोर ओणवा झालेला. मास्तर त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते की तिला दारातच थबकायला झालं. कंबर, गुडघा, मान, टाच, एकेक सांधा ते डोळ्यांनी चाचपत होते. आपल्याकडे असं कुणी कधी बघितलं नाही, हा विचार तिच्या मनात तेव्हा येऊन गेला, आणि मग डबा ठेवून ती परत आली. पुढे तीस वर्षं त्यांच्या सदऱ्यांवरची खडूची बोटं ती धूत राहिली. तो विचारही धुतला गेला असेल असं तिला वाटत होतं.

लेक रविवारी आली, जावयाला घेऊन. लेक टेलिफोनच्या ऑफिसात होती. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देऊन तिला कमी शब्दांत बोलायची सवय लागली होती. शिंप्याने जिन्यातच तिला सगळं सांगितलेलं दिसलं.

"आई, हे असं चालायचं नाही. पुढच्या वेळी डोकं आपटलं म्हणजे?"

"काही आपटत नाही. मी पलंगाला फळी लावून घेते."

"आणि तू? तुझी पाठ गेली की मग मी कुणाकुणाचं करू? टेकडीमागे ते रुग्णनिवास आहे. स्वच्छ आहे. चार माणसं असतात उचला-ठेवायला."

"आई, आम्ही बघून आलो," जावई म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि कुठल्याही जागेचं वर्णन दिशेपासून सुरू करायचा. "पूर्वेकडच्या खोल्यांना छान वारा आहे."

आतून मास्तरांचा आवाज आला. सगळी आत गेली. मास्तरांनी डावा हात वर केला होता, शेडमध्ये गलका थांबवायला करायचे तसा. "दोन महिने," ते म्हणाले. मग दम घेऊन, "हिला तयार करतो."

"कशाला तयार, बाबा?"

"मला उचलायला. एकटीनं. जमिनीवरनं."

लेकीने आईकडे बघितलं, आईने भिंतीकडे. जावई हसणार होता, पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याने खोकला काढला. बराच वेळ वाद झाला. शेवटी लेक म्हणाली, "ठीक आहे. दोन महिन्यांनी आम्ही येऊ. आईनं आमच्यासमोर तुम्हाला जमिनीवरनं उचलून पलंगावर ठेवलं, तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं तर तुम्ही पण काढायचा नाही. कबूल?" मास्तरांनी मान हलवली. तिला कुणी विचारलं नाही. लेक-जावई गेल्यावर ती मास्तरांना म्हणाली, "अहो, मी बावन्न वर्षांची आहे. मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही." मास्तर अर्ध्या तोंडाने हसले. "झाकण हाताचं काम. हे मांड्यांचं."

दुसऱ्या दिवसापासून घराचं कारखान्यात रूपांतर झालं. मास्तर उशांना टेकून बसत आणि डाव्या हाताने हवेत आकृत्या काढत. गच्चीवर पडलेला पाण्याचा जुना पाइप आला. रंगाचे रिकामे डबे आले. त्यांत शिंप्याने सिमेंट कालवून भरलं आणि पाइपची दोन टोकं त्यांत उभी करून वाळवली. पहिल्या खेपेला एक डबा तिरका बसला, तर मास्तरांनी तो फोडायला लावला. "वाकडं वजन वाकडी पाठ करतं," ते म्हणाले, आणि शिंपी पुटपुटला, "बाई, तुमचा नवरा पलंगावरनंसुद्धा पगार कापेल." एका खोक्याच्या फळ्या काढून तिने बुटकं स्टूल केलं, खिळे स्वतः ठोकले, त्यावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ते आठ दिवसांनी थोडं कापून आणखी बुटकं करायचं. मास्तरांची जुनी विजार शिंप्याने तिच्या मापाला आत घेतली. ती घालून ती पहिल्यांदा बाहेर आली तेव्हा तिने आधी खिडकीचा पडदा ओढला.

आणि मग पिशवी. तंबूच्या कापडाची, दुहेरी शिवणीची, माणसाएवढी लांब. शिंप्याने तिला खांदे काढले, कंबर काढली, कारण मास्तरांचं म्हणणं पडलं की माणूस गोणीसारखा नसतो, तो मधेच मोडतो. बांधकामावरची वाळू त्यात भरायची, दर आठवड्याला थोडी जास्त, शेवटी मास्तरांएवढी. शिंपी शिवण तपासून म्हणाला, "घ्या. हे तुमचे धाकटे मास्तर." नाव पडलं ते पडलंच. "आज धाकटे मास्तर जेवले का?" म्हणजे वाळू भरली का. "धाकटे मास्तर बरे, बोलत नाहीत," असं ती धापा टाकत म्हणायची, आणि पलंगावरून उत्तर यायचं, "थोरले बोलतात म्हणून तुझी पाठ शाबूत आहे. छाती वर. त्याला अंगाशी घे. लांब धरलंस तर जड होणारच. मिठी मार, मिठी. लाजतेस काय?"

ती खरंच लाजत होती. वाळूच्या पिशवीला मिठी मारताना नवरा बघतो आहे याची तिला लाज वाटायची, आणि नंतर नंतर लाज वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. तिला बरं वाटत होतं. जिना चढताना मांड्या दुखायच्या आणि त्या दुखण्यात एक गोडी होती. आपल्याला मांड्या आहेत, पोटऱ्या आहेत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोर वळल्यासारखं काहीतरी आहे, हे तिला आत्ता कळत होतं. मुलगी झाली तेवढं सोडलं तर हे शरीर फक्त थकायला असतं असंच ती धरून चालली होती. भाजीची पिशवी हातात हलकी लागायची आणि ती रस्त्यातच हसायची. घरी आजारी माणूस, आणि आपण रस्त्यात हसतो. मग ती तोंड आवरून घरी यायची, आणि आत पलंगावरून मास्तर तिच्याकडे बघायचे. कंबर, गुडघा, मान, टाच. तीच ती नजर. ती ओणवी झाली की खोलीत दुसरं काही उरायचं नाही, फक्त ती नजर आणि तिचा श्वास. एकदा स्टुलावरून उठता उठता तिने विचारलं, "मला का नाही शिकवलंत कधी?" मास्तरांनी डाव्या हाताने चादरीची सुरकुती सारखी केली. "तू कधी विचारलंस?" "बायका विचारतात होय असलं?" "मग आता कशाला विचारतेस," ते म्हणाले, पण आवाज मऊ होता. त्या दुपारी तिला वाटलं, आपल्या संसारातले बरे दिवस हेच. तो विचार तिला इतका भयंकर वाटला की ती उठून उगाचच मोरी धूत बसली.

मास्तरांचा एक कायदा होता: स्पर्धेचं वजन स्पर्धेच्या आधी उचलायचं नाही. शेडमध्येही तो होता. म्हणून त्या दोन महिन्यांत तिने मास्तरांना उचलायचं नाही असं ठरलं. सकाळ-संध्याकाळ शिंपी आणि इस्त्रीवाला येऊन त्यांना खुर्चीवर बसवत, पुन्हा निजवत. ती अंग पुसायची तेवढंच. रोज पुसणाऱ्याला, रोज उचलणाऱ्याला फरक कळत नाही. बरगडीवरून फडकं फिरवताना आपण कुठला रस्ता ओलांडतोय ते हाताला कळत नाही. शिवाय मास्तर ऊन असूनही चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, पुरे, तू जाऊन स्टूल कर. जेवायलाही त्यांनी नवी रीत काढली होती. खिडकीशी खुर्ची लावून घ्यायची, ताट मांडीवर ठेवायचं आणि एकटं सोडायचं. डाव्या हाताने सांडलवंड होते ती कुणी बघायला नको. ताट चाटूनपुसून रिकामं यायचं. तिला आनंद व्हायचा. खिडकीच्या कठड्यावर कावळे फार जमायला लागले तेव्हा शिंपी म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्याकडचे कावळे बघितलेत? छाती काढून चालतात. त्यांनाही शिकवणी लावली की काय?" ती हसली. ते हसू तिला पुढे कितीतरी वर्षं पुरलं, घशात अडकून.

शेवटच्या आठवड्यात तिने धाकटे मास्तर उचलले. पुरे भरलेले, वाण्याच्या काट्यावर सत्तर किलो तोललेले. छातीशी घेतले, गुडघ्यावर घेतले, उभी राहिली, पलंगावर ठेवले. "बघितलंत ना?" ती म्हणाली. घाम डोळ्यांत जात होता. "पुन्हा कर," ते म्हणाले. तिने पुन्हा केलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, समाधानाने. नंतरच्या दोन-तीन दिवसांत ते चहा परत पाठवू लागले. तोंड कडू आहे म्हणाले. पाणी तोंडात घोळवून तस्तात टाकू लागले. उन्हाळ्यात असं होतं, ती म्हणाली, आणि लिंबू पिळून आणलं, तेही त्यांनी ओठाला लावून ठेवून दिलं.

रविवारी लेक-जावई आले. शिंपी दारात उभा राहिला. त्याने दाढी करून धुतलेला सदरा घातला होता. जावई आणि इस्त्रीवाला यांनी मास्तरांना चादरीसकट जमिनीवर ठेवलं आणि बाजूला झाले. तिने विजारीच्या दोऱ्या आवळल्या. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या रस्त्यावरच्या सायकलची चेन ऐकू येत होती. ती त्यांच्या मागे गुडघे टेकून बसली, काखेतून हात घालून छातीवर आवळले, त्यांना पलंगाला टेकून बसतं केलं, मग समोर येऊन मिठीत घेतलं. छाती वर, टाचा जमिनीत. श्वास घेतला आणि सगळ्या अंगानिशी उठली.

भरलेली म्हणून उचललेली बादली रिकामी निघावी तसं झालं. तिची सगळी ताकद तिलाच येऊन धडकली. ती मागे झोकांडली, एक पाऊल, दुसरं पाऊल, भिंतीला पाठ लागली तेव्हा थांबली. बघणाऱ्यांना वाटलं की वजनाने तोल गेला. "सांभाळ!" लेक ओरडली. पण तिच्या हातांत वजन नव्हतंच. सदऱ्याच्या आत फासळ्यांचा पिंजरा होता, आणि त्याच्या आत काहीतरी भराभर फडफडत होतं. मास्तरांचं तोंड तिच्या मानेशी होतं, त्यांचा श्वास कोरडा, गरम, वाळलेल्या फळासारखा गोडसर वास असलेला. आणि त्या वासासरशी तिला ती स्वतःच आठवली, लग्नाला महिना न झालेली. ती जेवण वाढून बसलेली, आणि नवरा घास चावतो आहे आणि थुंकतो आहे, कढईतलं सगळं बाहेर टाकतो आहे. तीन दिवस पाणी नाही, अंगावर दोन-दोन लोकरीची जाकिटं घालून बॉयलरशेजारी बसून येतो, रात्री ओठांना भेगा. ती रडली होती, माझ्या हाताला चव नाही म्हणून. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "वेडी. वजन बसवतोय. काट्यावर जास्त भरलो तर खेळू देत नाहीत." वजन बसवणं हा शब्द ती तेव्हा शिकली होती.

तिने त्यांना पलंगावर ठेवलं. अलगद, शिकवलं होतं तसं, गुडघे वाकवून. जावयाने टाळ्या वाजवल्या. शिंपी मोठ्याने म्हणाला, "जिंकले आमचे मास्तर!" आणि डोळे पुसले. लेक आईच्या गळ्यात पडून हमसून रडली. "राहू देत बाबा इथेच," ती म्हणाली, "मी चुकले गं." सगळे एकदम बोलत होते. ती मास्तरांकडे बघत होती. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं आणि उरलेला अर्धा चेहरा नेहमीसारखा, कशातच नसलेला.

सगळे गेल्यावर तिने पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला. आता ते प्याले, घटाघटा, निम्मं गळ्यावर सांडत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून. थोडं थोडं." मग थांबून, "पाणी गुरुवारपासून."

"मी उचलले होते ना धाकटे मास्तर. तुमच्यासमोर. दोनदा."

"पिशवी घाबरत नाही," ते म्हणाले. "माणूस अंग आखडतो. सुटतो. तू पडली असतीस."

"नसते पडले."

"कुणी सांगावं."

"तुम्ही शिकवलं होतंत मला."

मास्तरांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला. हाताची कातडी कागदासारखी झाली होती. "म्हणूनच गं," ते म्हणाले. "आजवर एवढा कधी भ्यालो नव्हतो."

तिला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. तिला ओरडावंसं वाटलं की मला जमलं असतं, माझं होतं ते, तीस वर्षांत एवढं एकच माझं होतं, आणि तेही तुम्ही कावळ्यांना घातलंत. पण तिने पेला पुन्हा भरून आणला. खिचडी करते, पातळ, म्हणाली. मास्तर म्हणाले, मीठ जरा जास्त घाल. ते आता आनंदात होते, स्पर्धा संपलेल्या माणसासारखे. किती दिवसांनी जेवणार होते. तिने चमच्याने भरवलं आणि त्यांनी खाल्लं, आणि अर्ध्या तासाने सगळं उलटून पडलं.

ताप सोमवारी आला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं. म्हणाले, तरण्या माणसाचं शरीर अशी उपासमार विसरून जातं, ह्यांचं नाही. दवाखान्यात हलवायचं का, असं लेकीने विचारलं आणि आईकडे बघून स्वतःच गप्प बसली. पुढच्या दिवसांत तिने मास्तरांना कितीतरी वेळा उचललं. चादर बदलायला, कूस वळवायला, खिडकीशी न्यायला. कुणाला हाक मारली नाही. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा हलके लागत, आणि प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात तोलत बसे: त्या रविवारी ते पुरे असते तर? उठले असते का मी? मांड्या म्हणत, हो. मग मास्तरांचे मिटलेले डोळे आठवत. हे आता कळण्यासारखं राहिलं नव्हतं. काट्याचं एक पारडंच कुणी काढून नेलं होतं. एका पहाटे, खिडकीशी, तिच्या हातांवरच मास्तर गेले. न्यायला माणसं आली तेव्हा त्यांना तिने बाहेर थांबवलं आणि स्वतःच्या हातांनी मास्तरांना खाली ठेवलं.

वाळू बांधकामवाल्याने परत नेली. शिंप्याने ती पिशवी उसवून तिच्या कापडाच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या आणि बिल्डिंगीत वाटल्या; पुढे त्याची नजर गेली, पण मरेपर्यंत तो कुणाचाही खांदा हाताने चाचपून माप सांगायचा. इस्त्रीवाला दुसऱ्या गावी गेला, त्याचं काही कळलं नाही. कारखाना बंद पडला आणि ती पत्र्याची शेड पाडली. तिथली वजनं पुन्हा भंगारात गेली. जावई मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. ती लेकीकडे राहायला गेली, आणि नव्वदीला टेकली तरी खुर्चीतून हात न टेकता उठते.

लेकही आता म्हातारी झाली. घरी पाहुणे आले, बोलणं कुठूनही कुठे गेलं, की ती हमखास तो रविवार सांगते. आईने एकटीने बाबांना जमिनीवरनं कसं उचललं, कशी झोकांडली आणि कशी सावरली. पहिल्या पहिल्यांदा ती बाबांचं वजन सत्तर किलो सांगायची. मग पंच्याहत्तर झालं. जावयाच्या निवृत्तीच्या वेळी ऐंशी होतं. परवा कुणीतरी आलं होतं तेव्हा नव्वदच्या पुढे गेलं, आणि पाहुणे म्हणाले, "काय सांगता!" आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत असते. लेकीला ती कधी थांबवत नाही, सुधारत नाही. डोळे मिटते आणि मास्तरांच्या अंगावर हळूहळू मांस चढताना बघत राहते.